खंडेनवमीचं पाणी

आई म्हणते, सुवर्णा, तुझ्या जिभेला हाड नाही. नसेल. पण नाशिकजवळच्या अंबडच्या त्या शेडमध्ये मी तोंड मिटून बसले असते, तर आज लिथियमच्या खोक्यांवर लेबलं चिकटवत असते. म्हणून सांगते, बाईमाणसाने थोडं फाटक्या तोंडाचं असलेलं बरं.

शेड धनराजशेठची. तिथे शिशाच्या बॅटऱ्यांच्या प्लेटा बनायच्या आणि मी त्या तपासायचे. रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलं होतं, पण काम काय, तर दिवसभर ॲसिडचा वास घेत आकडे लिहायचे. २००३ साली एकदा डबा खाता खाता मी शेठना म्हटलं, "शेठ, सगळं जग लिथियमच्या मागे धावतंय. ते बाहेरून आणायचं, बाहेरचे सांगतील त्या भावाने. त्याचा सख्खा भाऊ सोडियम. तो मिठात आहे, धुण्याच्या सोड्यात आहे. त्याची बॅटरी का करू नये?"

शेठ हसले नाहीत. मिठावर बॅटरी, ही कल्पना त्यांना भलतीच आवडली. आठवड्याभरात त्यांनी मला शेडच्या मागचा एक कोपरा दिला, एक जुनी भट्टी दिली आणि भट्टी सांभाळायला सावळीराममामा दिले. मामा पेठच्या डोंगरातले. त्यांच्या पाड्यावर तारा पोहोचल्या होत्या, वीज मात्र पाहुण्यासारखी यायची.

मला बनवायचा होता तो कॅथोड. म्हणजे काय ते सांगते, घाबरू नका. बॅटरीला दोन बाजू असतात. त्यातली एक बाजू, कॅथोड, म्हणजे सोडियमचं घर. बॅटरी वापरताना सोडियम त्या घरी येतो, चार्ज करताना घराबाहेर पडतो. हे घर नीट बांधणं, एवढंच सगळं काम. सोडियम अंगाने लिथियमपेक्षा थोराड, त्यामुळे लिथियमची घरं त्याला अपुरी पडतात. मी धुण्याचा सोडा आणि मँगेनीजची काळी भुकटी घोटून भट्टीत भाजायचे. त्यातून जे घर तयार व्हायचं ते थराथरांचं होतं, पापडांच्या चळतीसारखं. दोन पापडांच्या मधे सोडियम बसायचा. चालायचंही छान. खोड एकच. हवेतला दमट वारा लागला की थरांमधे पाणी शिरायचं, सोडियम बाहेर येऊन भुकटीवर पांढरी बुरशी धरल्यासारखा बसायचा, आणि घराची पार वाट लागायची.

म्हणून भुकटी घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत ठेवायची. तळाशी ओल शोषणारे निळे दाणे. ओल शिरली की ते गुलाबी होतात. बरणीवर मी मोठ्या अक्षरात चिकटवलं होतं : उघडू नये.

शेडमध्ये कुंदन नावाचा इंजिनिअर होता. हुशार होता, खोटं कशाला बोलू, पण नाकाने कांदे सोलायची सवय. त्याचं म्हणणं, परदेशातून लिथियमचे तयार सेल आणायचे, इथे नुसते डब्यात भरायचे आणि विकायचे. "मॅडम, तुमचं मीठ भाजीत टाका," असं तो येता-जाता म्हणायचा. मी म्हणायचे, "टाकते. तुझ्या डोक्यात अळणी जागा दिसतेय, तिथेही टाकते."

२००४ च्या दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मुंबईची दोन गिऱ्हाइकं येणार होती. कुंदन लिथियमचा सेल दाखवणार, मी सोडियमचा. ज्याचा दिवा चालेल त्याच्यावर शेठ पुढचा विचार करणार.

आमचा मखमलाबादला फुलांचा मळा. दसऱ्याच्या आदल्या दोन दिवसांत झेंडू तोडायला घरातलं पोरबाळसुद्धा लागतं, मग मी तर हवीच. मी भुकटी बरणीत बंद केली, मामांना बजावलं आणि खंडेनवमीची सुट्टी घेतली. खंडेनवमीला अंबडमध्ये कोण काम करतं? सगळीकडे मशिनं धुवायची, पुसायची, हळदकुंकू लावायचं, झेंडूच्या माळा चढवायच्या. ज्या हत्यारावर पोट चालतं त्याचे त्या दिवशी आभार मानायचे. चांगली रीत आहे, माझी काही तक्रार नाही.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेडमध्ये आले आणि बरणीपाशी जाऊन उभीच राहिले.

निळे दाणे गुलाबी झाले होते. भुकटीचे गोळे झाले होते. वर हळदकुंकू, आणि मधोमध एक टपोरा झेंडू. आमच्याच मळ्यातला असणार मेला.

"मामा!" मी अशी ओरडले की शेजारच्या शेडमधला माणूस डोकावला.

सावळीराममामा आले, ते मान खाली घालूनच. "ताई, म्या सांगितलं व्हतं. ताईनी नाय म्हनलंय, उघडू नका. पन शेठ म्हनले, देवाला का झाकणात कोंडून पुजायचं? त्यांनी सोताच्या हातानं झाकण काढलं आन पानी शिपडलं. रामकुंडावरचं पानी हाय, काय व्हत नाय म्हनले."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. शेठच्या केबिनचं दार मी ढकललंच. शेठ पेढा खात होते. मी विचारलं, "शेठ, बरणी तुम्ही उघडलीत?"

"पूजा केली. तुझ्याच कामाला यश यावं म्हणून केली. पेढा घे."

"पेढा राहू द्या. भुकटीत पाणी गेलंय. ती आता परत भाजावी लागेल, त्याला दीड दिवस पाहिजे. आणि पाहुणे दुपारी येणार."

"चमचाभर पाण्याने काय होतंय? आणि ते काय नळाचं पाणी होतं का? गोदामाईचं होतं. घाल तशीच."

"तशीच नाही चालणार, शेठ."

"चालेल. मी सांगतोय ना!"

हात टेकले मी. उन्हात वाळवली, घोटली, सेल बनवला, आणि दुपारी पाहुण्यांसमोर दिवा लावला. लागला हो, लागला. पाहुण्यांनी चहाचा दुसरा घोट घेईपर्यंत तांबूस झाला आणि विझला. कुंदनचा दिवा संध्याकाळपर्यंत टकटकीत. त्याचा सेल परदेशातून पत्र्यात सीलबंद होऊन आला होता, त्याला हळदकुंकू लागलं ते वरून.

पाहुणे गेल्यावर शेठनी सगळ्यांसमोर हात जोडले. "सुवर्णा, बाई, हात जोडले तुला. तुझ्या सोडियमला साधी पूजा सोसवत नाही. लोकांच्या घरात काय टिकणार?" मग कुंदनकडे वळून म्हणाले, "लिथियमच्या लाइनची ऑर्डर दे. मशीन यायला वर्ष लागेल म्हणतोस ना? पुढच्या दसऱ्याला तो कोपरा मोकळा पाहिजे. भट्टी भंगारात. सुवर्णाला काढायचं नाही, तिला लेबलं चिकटवायला घेऊ."

लेबलं! एम.एस्सी. फर्स्ट क्लास, आणि लेबलं!

"शेठ, पाणी तुम्ही घातलंत," मी म्हटलं.

"मी काहीही केलेलं नाही. नाचता येईना, अंगण वाकडं. खाल्ल्या मिठाला जाग जरा."

"मिठालाच जागतेय! तुमच्या शेडमध्ये मिठाच्या बाजूने बोलणारी मी एकटीच आहे." माझा आवाज चढला होता आणि डोळ्यांत पाणी आलं होतं, दोन्हींची मला लाज वाटली नाही. "पुढच्या खंडेनवमीपर्यंत कोपरा माझा. तुमच्या पूजेला पुरून उरेल असं सोडियम आणते. नाही आणलं तर लेबलं काय, तुमच्या शेडमध्ये झाडू मारते."

शेठ म्हणाले, "लिहून देतेस?"

"बोलले ते पुरे आहे."

बाहेर आले. बोलून तर बसले होते, पण करणार काय? हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

घरी आईने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आता बोललीस ना? मग कर." तिच्याकडे सहानुभूती मागायला जावं तर हे असं.

मी रविवारी पुण्याला जायचे, तिथल्या लायब्ररीत जुने अंक उपसायचे. लिथियम बाजारात आल्यावर सोडियमचं काम बहुतेकांनी गुंडाळून ठेवलं होतं. पण काहींनी करून ठेवलं होतं, नव्वद सालाच्या आगेमागे. त्यात मला एक वेगळं घर सापडलं. सामान तेच, सोडा आणि मँगेनीज. फक्त सोडा कमी घालायचा आणि भट्टी जास्त तापवायची. मग पापडांची चळत होतच नाही. बांबूच्या पोकळ नळ्या एकमेकींना घट्ट बांधाव्यात तसं घर होतं. सोडियम नळीतून आत येतो, नळीतून बाहेर जातो. पाणी आलं तरी थर फाकवणार कुठून? थरच नाहीत. मी लायब्ररीतच टाळी वाजवली. शेजारच्या मुलीने "शुक्" केलं.

वाचणं सोपं, भाजणं कठीण. सोडा थोडा जास्त झाला की चळत परत यायची, आणि मला कळायचं ते भुकटी पाण्यात टाकल्यावर. पाणी सोड्यासारखं बुळबुळीत लागलं की समजायचं, गेलं. वर आमचं लोडशेडिंग! भट्टी नऊशेला पोहोचायची आणि वीज जायची. अर्धकच्चं सामान आत गार व्हायचं. वीज नसताना चालावी म्हणून बॅटरी करायची, आणि वीज नाही म्हणून बॅटरी होत नाही. मी त्या भट्टीला अशा शिव्या घातल्या की मामा म्हणाले, "ताई, ती बी बाईमानूसच हाय, जरा दमानं."

कुंदन येऊन बघून जायचा. लिथियमच्या मशीनचा फोटो त्याने भिंतीवर लावला होता, माझ्या कोपऱ्याच्या भिंतीवर. "मापं घेऊन ठेवतोय, मॅडम," म्हणाला. मी काहीच बोलले नाही. यावरूनच समजा मी किती खचले होते.

उन्हाळ्यात एक भाजणी साधली. मी ती भुकटी ग्लासभर पाण्यात टाकली आणि तशीच रात्रभर ठेवली. सकाळी गाळली, वाळवली, सेल बनवला. चालला. मी पुन्हा भिजवली, पुन्हा चालला. मामा म्हणाले, "ही तर म्हशीवानी हाय, पान्यात टाकली तरी काय नाय."

आणि तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. जिला पाण्याची भीतीच नाही, तिला पाण्यापासून लपवायचं कशाला? आजवर मी सेल बनवायचे ते ओल लागू नये म्हणून नायट्रोजन वायू भरलेल्या बंद पेटीत, सेलमध्ये पेट घेणारं द्रावण घालून. ते सगळं थराथरांच्या घराचं सोवळं होतं. नव्या घराला सोवळंच नको. मी पेटी बाजूला सारली. एका बाजूला माझ्या भुकटीच्या पट्ट्या, दुसऱ्या बाजूला कोळशाच्या, आणि मधे साधं पाणी, त्यात सोडियमचा एक क्षार विरघळवलेला. पेटणार नाही, फुटणार नाही, हात घातला तर हात धुवायचा आणि पुसायचा.

अशा एका डब्यातल्या सेलचा जोर कमी, म्हणून लोणच्याच्या बरणीएवढे डबे एकापुढे एक जोडले. कुंदन पोट धरून हसला. "मॅडम, हे खिशात कसं ठेवायचं? मोबाइलला मागे गाडा जोडायचा का?"

"उखळ कुणी खिशात घालून फिरतं का रे?" मी म्हटलं. "म्हणून काय घरात उखळ नसतं? तुझं लिथियम ठेव मोबाइलात. हे पाड्यावरच्या घरात कोपऱ्यात बसेल आणि दिवा लावेल. कोपऱ्यातल्या वस्तूला वजन विचारायला कोण येतंय?"

तो हसायचा थांबला. मग म्हणाला, "शेठ ऐकणार नाहीत. मशीनची पेटी आलीय." आणि खरंच, लाकडाची भलीमोठी पेटी दुसऱ्या दिवशी अंगणात उतरली.

मी शेठकडे गेले. डबे बघा म्हटलं. शेठ मान वर न करता म्हणाले, "मागच्या वर्षी बघितलं. खंडेनवमीची पूजा झाली की कोपरा रिकामा कर." पालथ्या घड्यावर पाणी.

मग मी ठरवलं. पूजा झाली की ना? ठीक आहे. पूजेतच होऊन जाऊ दे.

त्या वर्षी आईला सांगितलं, यंदा फुलं तोडायला मी नाही. ती चिडली, मग पहाटे स्वतःच टोपलीभर झेंडू भरून दिला. "जा. आणि रडू नकोस तिथं."

खंडेनवमीला शेड धुऊन लख्ख केली होती. सगळे कामगार, त्यांच्या बायका, लेकरं आलेली. अंगणातल्या पेटीलासुद्धा माळ. शेठ सोवळ्यात, हातात गोदेच्या पाण्याचा तांब्या. मशीन मशीन पुजत ते माझ्या कोपऱ्याशी आले आणि तसेच पुढे निघाले.

"शेठ, इकडची पूजा राहिली," मी म्हटलं.

"हे उद्या इथे नसणार. त्याची कशाला?"

"आज आहे ना? आज त्याच्यावर माझं पोट आहे. हत्याराची पूजा न करता पुढे जाल?"

लोक बघत होते. शेठना थांबावं लागलं. मी डब्यांतल्या काळ्या पट्ट्या सगळ्यांदेखत बाहेर काढल्या, पितळी ताटात मांडल्या आणि ताट त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी हळद वाहिली, कुंकू वाहिलं, फूल ठेवलं. मग तांब्यात बोटं बुडवली, हात ताटावर नेला.

आणि हात तिथेच थांबला.

थेंब बोटाच्या टोकाशी लोंबत होता. शेठ पट्ट्यांकडे बघत होते. मी अख्ख्या शेडला ऐकू जाईल अशी बोलले.

"थांबलात का, शेठ? चमचाभर पाण्याने काय होतंय?"

कुणीतरी खोकलं. शेठचा चेहरा कुंकवासारखा झाला.

"मारा पाणी. गोदामाईचं आहे. यंदा भरपूर मारा."

त्यांनी शिंतोडे मारले, जेमतेम. मला ते पुरेना. मी त्यांच्या हातातला तांब्या मागून घेतला आणि उरलेलं सगळं पाणी पट्ट्यांवर ओतलं. ताट भरलं, हळदकुंकू वाहत माझ्या साडीवर आलं. बायकांनी "अगं बाई!" केलं. मामांनी डोळे मिटले, देवाचं नाव घेत असावेत. हे सगळं मी परत परत करून बघितलं होतं. तरी मागच्या वर्षीचा तो विझलेला दिवा डोळ्यांपुढून हलेना.

निथळत्या पट्ट्या मी पुन्हा डब्यांत बसवल्या. तारा जोडल्या. खटका दाबला.

दिवा लागला. पांढरा, स्वच्छ.

सगळे तो तांबूस व्हायची वाट बघत होते. शेठही, कुंदनही. प्रसाद वाटून झाला, दिवा तसाच. जेवणं झाली, दिवा तसाच. मधे वीज गेली, नेहमीसारखी, शेडमधले पंखे थांबले, आणि तेव्हा मात्र कामगारांची पोरं माझ्या कोपऱ्यात येऊन बसली, कारण मागची बाजू अंधारीच होती. कुंदन खाली बसून डब्यांना हात लावून बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "मॅडम, गरमसुद्धा होत नाही."

"नाही होत."

"मला दाखवाल कसं केलं ते?"

"आधी माझ्या भिंतीवरचा तुझ्या मशीनचा फोटो काढ." त्याने काढला, निमूटपणे.

दुपार कलली. लोक आपापल्या घरी निघाले. मामा डब्यांभोवती घुटमळत होते. म्हणाले, "ताई, दिवाळीला पाड्यावर नेऊ का ही? लय जपीन." मी म्हटलं, "जपू नका, मामा. वापरा. पाणी पडलं, पोरांनी लाथ मारली, सगळं होऊ द्या. मग येऊन मला सांगा."

सगळे गेल्यावर शेठ आले. सोवळं बदललं होतं, हातात गाडीची किल्ली. दिव्याकडे बघितलं, माझ्याकडे नाही.

"मशीन दरवाज्याजवळच्या भिंतीला बसवू. कोपरा राहू दे तुझा."

मी मान हलवली. आईने रडू नकोस म्हणून बजावलं होतं.

शेठ दारापर्यंत गेले, परत फिरले. "पण एक लक्षात ठेव. मागच्या वर्षी मी काही केलं नव्हतं."

आता इथे कुणी शहाणी बाई असती तर गप्प बसली असती. कोपरा मिळाला होता, भट्टी वाचली होती.

"बरोबर आहे, शेठ," मी म्हटलं. "तुम्ही काही केलं नव्हतं. म्हणूनच आज तुमचा हात थांबला."

शेठ दारातून आत आले. मग टेबलावरचा रिकामा तांब्या उचलला, काखेत धरला आणि गाडीकडे चालू लागले. मी दिवा मालवला, कारण दुसऱ्या दिवशी दसरा होता आणि मळ्यात फुलं तोडायची राहिली होती.